थंड पाण्याचा पट्टा

वादळ वळलं तेव्हा केतकी भुवड डब्यातले पोहे खात होती.

मुंबईत वरळीला, समुद्रासमोर शीतपट्टा केंद्राची इमारत होती. तिच्या तिसऱ्या मजल्यावर त्या सकाळी पंचवीस-तीस माणसं एका मोठ्या पडद्याकडे डोळे लावून बसली होती. पडद्यावर अरबी समुद्र, त्यात भोवऱ्यासारखं पांढरं चक्रीवादळ आणि त्याच्या वाटेत निळ्या रंगानं दाखवलेला थंड पाण्याचा पट्टा. दोन दिवस ते वादळ किनाऱ्याला समांतर उत्तरेकडे सरकत आलं होतं. दुसऱ्या दिवशी ते मुंबईवर येणार होतं. नऊच्या सुमाराला वादळाचा डोळा, म्हणजे मधलं ते स्वच्छ वर्तुळ, ढगांनी भरून यायला लागला. वादळ मोडत होतं. कुणीतरी टाळी वाजवली, मग सगळ्यांनीच वाजवल्या.

केतकीनं टाळी वाजवली नाही. ती तिथली हवामानतज्ज्ञ होती आणि वादळाचा मार्ग सांगणं हे तिचं काम होतं, त्यामुळे तिचं लक्ष पडद्याच्या कोपऱ्यातल्या दिशेच्या आकड्याकडे होतं. पहाटेपासून तो सरळ उत्तर दाखवत होता. आता तो दर काही मिनिटांनी बदलत होता. वादळ पूर्वेकडे कलत होतं.

पूर्वेकडे दापोली तालुक्याचा किनारा होता. त्या किनाऱ्यावर माडवेळ नावाचं गाव होतं, आणि माडवेळमध्ये केतकीचा मोठा भाऊ रूपेश बर्फाचा कारखाना चालवायचा.

तिनं फोन लावला.

"दादा, वादळ तुमच्याकडे वळतंय."

"काल तर म्हणालीस, आमच्याकडे नुसता वारा."

"काल तसंच दिसत होतं. आता वळलंय. संध्याकाळपर्यंत येईल. वहिनीला आणि आर्वीला घे आणि वर दापोलीला जा. आत्ता."

"जातो गो, ओरडू नको. त्यांना पुढे पाठवतो. यंत्रातला अमोनिया तेवढा बंद करतो आणि मागनं येतो. नळी फुटली तर अख्ख्या वाडीला श्वास घेता येणार नाही."

"दुसऱ्या कुणाला सांग ना."

"दुसरा कोण आहे इथे?"

तिनं फोन ठेवला, जिल्ह्याला इशारा गेल्याची खात्री करून घेतली आणि उरलेले पोहे संपवले. आपण तेव्हा पोहे संपवले, हे तिला पुढे बरेच दिवस आठवत राहिलं. भूक होती म्हणून नाही. डबा उघडा होता म्हणून.

*

थंड पट्ट्याची कल्पना तशी साधी होती. चक्रीवादळ समुद्राच्या उष्णतेवर जगतं. गरम पाण्याची वाफ वर जाते, उंचावर तिचं पुन्हा पाणी होतं आणि तसं होताना तिच्यातली उष्णता सुटते. त्या उष्णतेवर वादळ फिरत राहतं. समुद्राचं वरचं पाणी साधारण साडेसव्वीस अंशांच्या खाली असेल तर वादळाची उपासमार होते. पण २०४०च्या दशकात अरबी समुद्र मे महिन्यात एकतीस-बत्तीस अंशांवर असायचा, आणि पूर्वी कधीतरी येणारी मोठी वादळं आता जवळपास दर वर्षी येत. भरती आणि वादळ एकत्र आलं की मुंबईच्या सखल भागांत पाणी पहिल्या मजल्याला लागायचं. भिंती बांधून झाल्या होत्या, पंप बसवून झाले होते.

मात्र हे गरम पाणी म्हणजे दुधावरच्या सायीसारखा वरचा थर. शंभर-दीडशे मीटर खाली पाणी थंडच असतं. म्हणून किनाऱ्यापासून बरंच आत, जिथे समुद्र खोल होतो तिथे, जहाजं रांगेत उभी करायची. भोकं पाडलेल्या लांब नळ्या खोल सोडायच्या आणि त्यांतून दाबानं हवा सोडायची. बुडबुडे वर येताना खालचं थंड पाणी सोबत आणतात. एका दिवसात शंभर किलोमीटर लांबीचा पट्टा चार-पाच अंशांनी थंड व्हायचा. वादळ त्याच्यावर आलं की ढेपाळायचं.

ढेपाळलेलं वादळ नंतर कुठे जातं, हा प्रश्न केतकीनं पूर्वी एका बैठकीत विचारला होता. जोमदार वादळ बारा-पंधरा किलोमीटर उंच असतं, त्याला उंचावरचे वारे नेतात. अशक्त वादळ बुटकं होतं, मग ते जमिनीलगतच्या वाऱ्यांच्या ताब्यात जातं. मे महिन्याच्या शेवटी हे खालचे वारे पश्चिमेकडून येतात आणि समोर येईल ते किनाऱ्याकडे ढकलतात. शिवाय पट्टा आणि किनारा यांच्यामधलं पाणी गरमच असतं, तिथे वादळाला पुन्हा थोडं बळ मिळू शकतं. हे सगळं बैठकीत सगळ्यांनी मान्य केलं होतं. असं घडण्याची शक्यता फार कमी आहे, हेही मान्य केलं होतं. केतकीनंही.

*

संध्याकाळी वादळ माडवेळवर आलं. मुंबईवर येणार होतं त्या वादळापुढे ते लहानच म्हणायचं, पण माडवेळची घरं त्याच्यापुढे त्याहून लहान होती. रूपेशनं अमोनियाच्या सगळ्या झडपा बंद केल्या. गावात गॅस पसरला नाही. तो बाहेर पडत असताना कारखान्याची समुद्राकडची भिंत पडली. दुसऱ्या दिवशी सकाळी तो सापडला. त्या किनाऱ्यावर आणखी सोळा माणसं गेली.

मुंबईत झाडं पडली आणि दोन दिवस शाळा बंद राहिल्या. केतकीचा नवरा हृषीकेश वादळाच्या दुसऱ्या दिवशी शीवला आईकडे होता. आईचं घर तळमजल्यावर, दर दोन वर्षांनी बुडणारं. या वेळी उंबऱ्याशी पाणी आलं नाही. तो आनंदानं फोन करणार तेवढ्यात केतकीचाच फोन आला. तिनं दादा गेला असं सांगितलं आणि माझी निळी बॅग बेडखाली आहे, ती काढून ठेव, असंही त्याच आवाजात सांगितलं.

बाराव्याच्या दुसऱ्या दिवशी पाहुणे पांगले. केतकीची वहिनी, स्नेहल, गावच्या शाळेत शिक्षिका होती. मागच्या पडवीत दोघी सुपं घेऊन तांदूळ निवडत बसल्या होत्या. सात वर्षांची आर्वी शेजारच्यांकडे खेळत होती आणि तिचा आवाज इकडेपर्यंत येत होता.

"ताई, एक विचारू?" स्नेहल म्हणाली. "ते मुंबईला जाणारं होतं ना?"

"हो."

"मग इकडे कसं आलं?"

"वादळं वळतात, वहिनी. आपोआपही वळतात."

"हे आपोआप वळलं, की तुम्ही वळवलंत?"

केतकीनं सुपातला एक खडा काढून बाजूला ठेवला. "मला माहीत नाही."

"कळेल का?"

"काही प्रमाणात कळेल."

"कळलं की सांगाल?"

"सांगेन," केतकी म्हणाली.

स्नेहल रडली नाही आणि केतकीही रडली नाही. आपल्याला रडू येत नाही याचं तिला आश्चर्यही वाटत नव्हतं. बधिर दातावर जीभ फिरवावी तशी ती अधूनमधून मनातल्या त्या जागेवरून विचार फिरवून पाहायची. तिथे काही लागायचं नाही.

*

प्रत्यक्षात ते वादळ एकदाच आलं आणि गेलं. संगणकात मात्र ते पुन्हा पुन्हा आणता येतं. केतकीनं तेच केलं. त्या दिवशीचा समुद्र, त्या दिवशीचे वारे, त्या दिवशीची हवा. सुरुवात दर वेळी किंचित वेगळी, कारण आपली मोजमापं कधीच तंतोतंत नसतात. आधी हजारो वादळं पट्ट्याशिवाय सोडली, मग तेवढीच पट्ट्यासकट. आणि त्यातली कुठे जातात ते पाहिलं.

निकाल आला तेव्हा तिनं तो छापला नाही की कुणाला पाठवला नाही. सरळ डॉ. नाझिमा परकार यांच्या खोलीत गेली. परकार मॅडम केंद्राच्या प्रमुख होत्या. त्या मूळच्या दाभोळच्या, म्हणजे माडवेळपासून फार लांबच्या नव्हेत.

"पट्टा नसता तर शंभरातली चार वादळं माडवेळच्या बाजूला गेली असती," केतकी म्हणाली. "पट्ट्यामुळे एकतीस गेली."

मॅडमनी चष्मा काढला. "आणि मुंबईत?"

"पट्टा नसता तर शंभरातली सत्तर. त्यातल्या बऱ्याच वेळी हजाराच्या वर माणसं."

"म्हणजे आपण बरोबर केलं."

"हो."

"आणि तुझा भाऊ आपल्यामुळे गेला असेल."

"असेल. नसेलही. या एका वादळाबद्दल कुणालाच कधी सांगता येणार नाही."

मॅडम खिडकीशी जाऊन उभ्या राहिल्या. खाली समुद्र शांत, राखाडी होता. "केतकी, हा आकडा असाच बाहेर गेला तर कोर्ट पट्ट्यावर बंदी आणेल. पुढच्या मे महिन्यात या शहरासमोर काही नसेल. त्यात किती माणसं जातील याचा आकडासुद्धा तूच काढून देशील. मग काय करायचं, तू सांग."

"मी वहिनीला शब्द दिलाय."

"एका बाईला दिलेला शब्द."

"हो," केतकी म्हणाली. "एकाच बाईला दिलाय."

घरी हृषीकेशनं सगळं ऐकून घेतलं. तो वाईट माणूस नव्हता. तो म्हणाला, "तू सांगितलंस तर दादा परत येणार आहे का? आणि पुढच्या वेळी आईच्या घरात पाणी शिरलं तर?" त्याच्या दोन्ही प्रश्नांची उत्तरं केतकीला माहीत होती. तिनं भाजीला फोडणी दिली.

*

सप्टेंबरात दापोलीला जनसुनावणी झाली. सभागृह भरलं होतं. गेलेल्या सतरा जणांच्या घरची माणसं पहिल्या रांगांत बसली होती. केंद्राच्या प्रवक्त्यांनी उपग्रहांची चित्रं दाखवली आणि शेवटी सांगितलं, "पट्ट्यामुळेच वादळ वळलं असं ठामपणे म्हणता येत नाही."

स्नेहल उभी राहिली. "मग पट्ट्यामुळे वळलं नाही, असं ठामपणे म्हणता येतं का?"

प्रवक्ते कागद चाळायला लागले. मंचाच्या टोकाला केतकी बसली होती. तिला तज्ज्ञ म्हणून आणलं होतं, विचारलं तरच बोलायचं या अटीवर. तिनं माइक पुढे ओढला.

"नाही म्हणता येत," ती म्हणाली. मग तिनं दोन्ही आकडे सांगितले. चार आणि एकतीस. मुंबईचेही सांगितले. वादळ बुटकं का होतं, खालचे वारे त्याला कसे ढकलतात, हे शाळेतल्या मुलांना सांगावं तसं सांगितलं. शेवटी म्हणाली, "आपण जोखीम नाहीशी करत नाही. ती इकडून उचलून तिकडे ठेवतो. जिथे ठेवतो तिथल्या लोकांना आपण विचारलं नव्हतं, सांगितलंही नव्हतं."

सभागृहात इतका आरडाओरडा झाला की पोलीस आत आले. केतकी स्नेहलकडे पाहत होती. स्नेहल खाली बसली होती आणि आर्वीच्या फ्रॉकचं बटण लावत होती.

बाहेर पायऱ्यांवर दोघी समोरासमोर आल्या.

"तुम्हाला कधी कळलं हे?" स्नेहलनं विचारलं.

"जुलैमध्ये."

"जुलैमध्ये." स्नेहलनं मान हलवली. "कळलं की सांगाल म्हणाला होतात. मी रोज फोनकडे बघायची." ती आर्वीचा हात धरून एसटी स्टँडच्या दिशेनं निघून गेली. त्यानंतर महिनोन्महिने तिनं केतकीचा फोन उचलला नाही.

कोर्टानं पट्टा बंद केला नाही. बऱ्याच वादविवादानंतर एक नियम झाला, आणि त्याचा मसुदा करायला केतकीलाच बसवलं. ज्या गावांकडे वादळ कलण्याची शक्यता दिसेल, त्या गावांतला शेवटचा माणूस उंचावरच्या निवाऱ्यात पोचल्याचा निरोप आल्याशिवाय पट्टा सुरू करायचा नाही. निरोप गावच्या समितीनंच द्यायचा. माडवेळच्या समितीनं प्रमुख म्हणून स्नेहलला निवडलं.

*

पुढच्या मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात पुन्हा वादळ आलं. मागच्यापेक्षा मोठं, त्याच वाटेनं. पट्टा पुरता थंड व्हायचा तर दुपारी बारापर्यंत हवा सोडायला हवी होती. अकराच्या सुमाराला एकेका गावाचे निरोप यायला लागले. सगळे वर पोचलो. सगळे वर पोचलो. साडेअकराला फक्त माडवेळ राहिलं.

नियमाप्रमाणे माडवेळला फोन केतकीनंच करायचा होता.

"आमच्या दोन होड्या बाहेर आहेत," स्नेहल म्हणाली. तिच्या आवाजात ना राग होता ना ओळख. "बिनतारीवर बोलणं झालंय. एकीचं इंजिन बंद पडलंय, दुसरी तिला ओढून आणतेय. अकरा माणसं आहेत. घरचे किनाऱ्यावरून हलत नाहीत."

"बाकीच्यांना तरी वर पाठव."

"पाठवले. होड्यांवरच्यांचे घरचे राहिलेत. पन्नासेक. मी पण इथेच आहे."

"आर्वी?"

"ती वर आहे. होड्यांना यायला संध्याकाळ होईल म्हणतायत."

केतकीनं फोन ठेवून हे सगळं खोलीत सांगितलं. कुणीतरी म्हणालं, पन्नास माणसांसाठी मुंबईतली दीड कोटी माणसं? दुसरं कुणी म्हणालं, वादळ उद्या येणार आहे, आज संध्याकाळपर्यंत ती माणसं वर जातीलच, मग आत्ता सुरू करायला काय हरकत आहे? म्हणणं चुकीचं नव्हतं. पण होड्या पट्ट्याच्याच बाजूनं येत होत्या. नळ्यांतून बुडबुडे सुटले की पाणी फेसाळतं, हलकं होतं, आणि त्यात बंद इंजिनाची होडी ओढणं अवघड. किती अवघड, ते कुणी मोजलेलं नव्हतं. आणि नियमात 'शेवटचा माणूस' असं लिहिलं होतं.

परकार मॅडम केतकीच्या खुर्चीमागे येऊन उभ्या राहिल्या. "नियम मोडून आदेश द्यायचा अधिकार मला आहे," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "तुझं काय म्हणणं?"

"थांबावं."

"तुझी वहिनी तिथे आहे म्हणून?"

केतकीनं प्रामाणिकपणे आत पाहिलं. तिथे नेहमीसारखंच काही नव्हतं. "माहीत नाही," ती म्हणाली. "पण थांबावं."

मॅडम थांबल्या.

बारा वाजले. एक वाजला. पट्टा जेवढा उशिरा सुरू होणार तेवढा कमी थंड होणार, आणि समोरच्या पडद्यावर मुंबईतला पाण्याचा अंदाज तासातासानं चढत होता. हृषीकेशचा फोन आला. "सुरू केलंत का?" "नाही." "केतकी, मी आईला वरच्या मजल्यावर शेजाऱ्यांकडे नेतोय." "ने," ती म्हणाली. तीन वाजता चहा आला, तिनं तो प्यायला. पाच वाजून गेल्यावर फोन वाजला.

"दोन्ही आल्या," स्नेहल म्हणाली. मागे खूप माणसं एकदम बोलत होती, कुणीतरी मोठ्यानं रडत होतं. "गाडीत बसलोय सगळे. वीस मिनिटांत वर पोचू. मग परत सांगते."

वीस मिनिटांनी तिनं परत सांगितलं. केतकीनं हवा सोडायचा आदेश दिला.

*

वादळ माडवेळकडे वळलंच नाही. अर्धवट थंड पाण्यानं ते थोडं मंदावलं, पण उंच राहिलं, वरच्या वाऱ्यांनी त्याला होतं तसंच नेलं आणि दुसऱ्या दिवशी दुपारी ते मुंबईच्या किंचित उत्तरेला जमिनीवर आलं. माहीमच्या खाडीलगत उधाणाचं पाणी भिंतीवरून आत आलं. शीवला सासूबाईंचं घर कमरेएवढ्या पाण्यात गेलं. शहरात नऊ माणसं गेली.

बातम्यांत दोन होड्यांची चित्रं दाखवली गेली. केंद्राबाहेर घोषणा झाल्या. हृषीकेश आईचं घर साफ करायला गेला, तो तिथेच राहायला लागला. भांडण झालं नव्हतं. कपाटातले त्याचे कपडे थोडेथोडे कमी होत गेले. एकदा फोनवर तो म्हणाला, "तू सुरू करू शकत होतीस." केतकी म्हणाली, "हो." एवढंच झालं.

मग तिनं पुन्हा तेच काम केलं. हजारो वादळं दुपारी बाराला सुरू केलेल्या पट्ट्यासह, हजारो संध्याकाळी सुरू केलेल्या पट्ट्यासह. या वेळी निकाल आला त्याच दिवशी तिनं तो जाहीर केला. वेळेवर सुरू केलं असतं तर शंभरातल्या बावन्न वेळी खाडीलगतचं पाणी भिंतीच्या आत आलं नसतं. त्याच वेळी, शंभरातल्या छत्तीस वेळी वादळ माडवेळवर गेलं असतं. पत्रकारांनी विचारलं, म्हणजे चूक झाली का? ती म्हणाली, "मला जे मोजता येतं ते मी सांगितलं."

दोन दिवसांनी स्नेहलचा फोन आला. तिनं स्वतःहून केलेला, समितीच्या कामाशिवाय केलेला, कितीतरी महिन्यांतला पहिला फोन.

"तुमच्याकडे जी माणसं गेली, त्यांच्या घरचं कुणी तुम्हाला माहीत आहे?"

"परेरा म्हणून आहेत. लॉरेन्स परेरा. माहीमला खाडीजवळ राहतात. त्यांची बायको गेली. गुडघ्यांमुळे तिला जिना चढता आला नाही. यंदाच्या वादळानंतर इथे सुनावणी झाली, तिथे भेटले होते."

"मी रविवारी येते," स्नेहल म्हणाली. "मला त्यांच्याकडे घेऊन चला."

"कशाला, वहिनी? ते तुला काहीही बोलतील."

"बोलू दे. भेटायला जायला नको का?"

रविवारी दोघी गेल्या. परेरा सत्तरीचे, बेस्टमध्ये ड्रायव्हर होते. भिंतीवर छातीएवढ्या उंचीवर पाण्याची मळकट रेघ होती, वरचा रंग कोरडा आणि खालचा फुगलेला. खुर्च्या नव्या होत्या, त्यांच्यावरचं प्लास्टिक अजून काढलं नव्हतं. केतकीनं ओळख करून दिली. स्नेहल कोण, कुठली, हे सगळं तिनं लपवाछपवी न करता सांगितलं.

परेरा स्नेहलकडे वळले.

"होड्यांवर किती माणसं होती?"

"अकरा."

"सगळी आली?"

"आली."

"वादळ तुमच्याकडे आलं?"

"नाही आलं," स्नेहल म्हणाली. "तुमच्याकडे आलं."

"म्हणजे तुम्ही गावातच राहिला असता, तरी चाललं असतं."

"चाललं असतं. तेव्हा कळत नव्हतं."

"नाही," परेरा म्हणाले. "तेव्हा कुठे कळतं." त्यांनी केतकीकडे पाहिलं. "मॅडम, टीव्हीवर ऐकलं मी. बावन्न म्हणालात. म्हणजे अर्ध्या वेळा ॲग्नेस वाचली असती."

"हो. थोडं जास्तच."

"आणि अर्ध्या वेळा गेलीच असती."

"हो."

बाहेर रिक्षा जात होत्या. परेरांनी गुडघ्यांवर हात ठेवले. "यांच्या घरचं कोण गेलं?" त्यांनी विचारलं.

"माझे मिस्टर," स्नेहल म्हणाली. "गेल्या वर्षी. बर्फाच्या कारखान्यात."

त्यांनी मान डोलावली. मग उठले. "चहा टाकतो."

आतून बराच वेळ डब्यांची झाकणं उघडल्या-लावल्याचा आवाज येत राहिला. थोड्या वेळानं ते स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले. "पाणी गेल्यावर शेजारणींनी सगळे डबे धुतले आणि कसेही लावले," ते म्हणाले. "साखर कशात आहे कळत नाही. रोज बिनसाखरेचाच चहा पितो."

स्नेहल उठली. "तुम्ही बसा." ती आत गेली आणि वरच्या फळीवरचे डबे एकेक करून उघडायला लागली. केतकीही तिच्यामागे गेली आणि खाली वाकून खालच्या फळीवरचे डबे काढू लागली. रवा निघाला, तुरीची डाळ निघाली, एका डब्यात नुसत्या सुया-दोरे निघाले. परेरा दारातच उभे होते.

"ही घ्या साखर," स्नेहल म्हणाली. तिच्या हातात एक छोटा पितळी डबा होता. "आता हा कुठे ठेवायचा ते तुम्ही सांगा."

परेरांनी ओट्याकडे पाहिलं, फळ्यांकडे पाहिलं.

"इथे," ते म्हणाले. "शेगडीच्या डाव्या बाजूला."